कवटीची साक्ष

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर अधूनमधून एक चार ओळींची बातमी येत असते. अमुक गांवच्या रानांत, ओढ्याच्या कडेस, मानवी हाडें सांपडलीं. तीं तीस ते चाळीस वर्षें वयाच्या स्त्रीचीं असावींत असा डॉक्टरांचा अभिप्राय पडला. पुढील तपास चालू आहे. त्या पुढील तपासाचें काय झालें हें आपणांस बहुधा कधींच कळत नाहीं, आणि आपणही पान उलटून मोकळे होतों. परवां सकाळीं आमच्या घरीं अशीच एक बातमी मोठ्यानें वाचली जात असतां माजघरांत भाजी निवडीत बसलेल्या आजींनीं मान वर करून विचारलें, "अरे, अंगावर ना मांस, ना कातडें, ना केस. मग बाई कीं बाप्या हें कळतें तरी कसें?" कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या पुतण्यानें तात्काळ उत्तर दिलें, "अग आजी, कवटी मोजतात. मापांवरून सगळें बरोबर कळतें." आजींचें समाधान झालें नाहीं. "सगळें बरोबर?" एवढेंच पुन्हा विचारून त्यांनीं भाजींत लक्ष घातलें.

आम्हांस वाटलें, पुतण्याच्या उत्तरापेक्षां आजींची शंकाच अधिक शास्त्रीय आहे. म्हणून या महिन्यांत तिचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय अमंगळ आहे अशी कोणी तक्रार करील. परंतु ज्या घरांतून एखादें माणूस निघून गेलें आणि परत आलें नाहीं, त्या घरास हा विषय अमंगळ वाटत नाहीं. सांपडलेल्या हाडांस नांव मिळण्यापूर्वीं त्यांना तीन चाळण्यांतून जावें लागतें : स्त्री कीं पुरुष, वय किती, उंची किती. पहिलीच चाळण चुकली तर पोलिसांच्या दप्तरांतील अर्धे बेपत्ता लोक एका झटक्यांत बाजूस पडतात, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तो त्या बाजूस पडलेल्या अर्ध्यांत असला तर तो कायमचा हरवतो. तेव्हां ही चाळण किती भरंवशाची आहे हें पाहाणें अगत्याचें आहे.

प्रथम निसर्गानें भेद कोठें ठेविला आहे तें पाहूं. स्त्री-पुरुषांच्या सांगाड्यांतील सर्वांत खात्रीचा भेद कवटींत नसून कमरेच्या हाडांच्या कड्यांत, म्हणजे श्रोणींत आहे. याचें कारण उघड आहे. मूल ज्या वाटेनें जगांत येतें ती वाट पुरेशी रुंद असावी लागते. म्हणून स्त्रीची श्रोणि रुंद व उथळ असते, आणि पुढच्या बाजूस दोन हाडें जेथें मिळतात तेथें खालीं होणारा कोन मोठा असतो. पुरुषाची श्रोणि अरुंद व खोल, आणि तो कोन लहान. १९६९ सालीं फेनिस नांवाच्या अमेरिकन संशोधकानें या पुढच्या हाडावरील तीन बारीक खुणा दाखवून दिल्या. त्यांच्या आधारें शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास निर्णय बरोबर ठरतात असें आढळलें. परंतु श्रोणीचें हें पुढचें हाड पातळ व नाजूक. मातींत पडून राहिलेल्या सांगाड्यांत तें पुष्कळदां फुटून गेलेलें असतें, कोल्हींकुत्रीं तें लांबवितात, आणि तपासणाऱ्याच्या हातीं उरते ती कवटी.

कवटीचा बाळंतपणाशीं कांहीं संबंध नाहीं. तिच्यांतील भेद वाढीचा व स्नायूंचा आहे. मुलगे वयांत येतांना त्यांची वाढ मुलींपेक्षां अधिक काळ चालते. हाडें जाड होतात, आणि मान व जबडा यांचे स्नायू जेथें हाडाला चिकटतात तेथें उंचवटे येतात. वाचकांनीं कानाच्या पाळीमागें बोट ठेवून पाहावें. तेथें खालीं लोंबणारा एक टणक उंचवटा हाताला लागेल. मान वळविणारा मोठा स्नायू त्यास धरून असतो, व तो पुरुषांत सामान्यतः मोठा असतो. नंतर बोट भिंवयीवरून फिरवावें. पुरुषांत भिंवयांमधील व त्यांच्या वरचें हाड पुढें आलेलें असतें, स्त्रियांचें कपाळ तेथें सपाट व सरळ उभें असतें. डोळ्याच्या खोबणीची वरची कड स्त्रियांत धारदार, तर पुरुषांत गोलसर व बोथट. डोक्याच्या मागें, मान जेथें सुरू होते तेथला उंचवटा पुरुषांत ठळक. हनुवटी पुरुषांत रुंद व चौकोनी, स्त्रियांत निमुळती. या पांच खुणांना एकापासून पांचपर्यंत गुण देण्याची पद्धत अमेरिकेंत १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रमाणग्रंथानें रूढ केली. एक म्हणजे अगदीं नाजूक, पांच म्हणजे अगदीं राकट. आणि २००८ सालीं वॉकर या संशोधकानें ह्या गुणांची संख्याशास्त्राच्या आधारें छाननी करून त्यांवरून निर्णय कसा करावा हें दाखविलें.

येथवर पुतण्याचें म्हणणें खरें. परंतु आतां गोष्ट अवघड होते. वर सांगितलेल्या सर्व वाक्यांत 'सामान्यतः' हा शब्द मनांत धरूनच वाचावयाचें असतें. पुरुष सामान्यतः स्त्रियांहून उंच असतात हें खरें. पण आमच्याच घरांत थोरल्या वहिनी धाकट्या दिराहून दोन बोटें उंच आहेत. कवटीचेंही तसेंच आहे. स्त्रियांच्या व पुरुषांच्या मापांच्या दोन राशी केल्या तर त्यांचे माथे वेगळे दिसतात, पायथे मात्र एकमेकांत मिसळलेले असतात. या मिसळलेल्या जागेंतील कवटी हातीं आली म्हणजे अनुभवी मनुष्यही थबकतो. शिवाय मुलें वयांत येण्यापूर्वीं हे भेद जवळजवळ नसतातच. लहान मुलाची कवटी पाहून मुलगा कीं मुलगी हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. आणि उतारवयांत स्त्रियांच्या कवटींतही कडा व उंचवटे अधिक ठळक होतात असें आढळून आलें असल्यामुळें म्हातारीची कवटी पुरुषाची म्हणून गणली जाण्याचा संभव असतो.

कवटीच्या मापांवर वाजवीपेक्षां अधिक भार टाकण्याची खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मोठमोठे पंडित असें प्रतिपादीत कीं, पुरुषाच्या कवटीची धारणशक्ति स्त्रीच्या कवटीहून सरासरीनें सुमारें एक दशांश अधिक आहे, सबब त्याची बुद्धीही अधिक आहे. अंगाचें सगळेंच माप मोठें असल्यावर डोकेंही मोठें असणार, ही साधी गोष्ट ते सोयीस्करपणें बाजूस ठेवीत. या मताचा समाचार एका स्त्रीनेंच घेतला. लंडन येथें कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाच्या हाताखालीं ॲलिस ली नांवाची विदुषी काम करीत होती. जिवंत माणसाच्या डोक्याच्या बाहेरच्या मापांवरून आंतील धारणशक्ति काढण्याची रीत तिनें बसविली. १८९८ सालीं डब्लिन येथें शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली असतां तेथील ३५ विद्वानांचीं डोकीं मोजण्यांत आलीं. या बाईनें त्यांच्या शेजारीं बेडफर्ड कॉलेजांतील ३० विद्यार्थिनींचीं मापें ठेविलीं व सर्वांची एकच क्रमवार यादी केली. तेव्हां असें दिसलें कीं, कांहीं नामांकित शरीरशास्त्रज्ञ डोक्याच्या आकारानें यादीच्या तळाशीं आहेत, आणि कांहीं विद्यार्थिनी त्यांच्या कितीतरी वर आहेत. आतां एक तर हे पंडित मंदबुद्धि मानावयाचे, नाहीं तर सिद्धांत सोडावयाचा! परीक्षकांस हें औषध कडू लागलें, व बाईंस पदवी मिळण्यास बराच विलंब झाला. अखेर १९०१ सालीं ती मिळाली. त्या यादीनें आमच्या आजच्या विषयासही एक धडा दिला आहे : डोक्याच्या आकारावरून एकट्यादुकट्या व्यक्तीविषयीं निकाल देणें धोक्याचें आहे.

याच संदर्भांत आपल्या महाराष्ट्रांतील एका विदुषीचें स्मरण झाल्यावांचून राहात नाहीं. 'युगान्त'कर्त्या डॉ. इरावती कर्वे १९२७च्या सुमारास बर्लिन येथें मानवशास्त्र शिकावयास गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे कट्टर पुरस्कर्ते. कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही विषमता वंशावर अवलंबून आहे असें दिसावें अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या आणि या विषमतेचा वंशाशीं संबंध नाहीं असा निष्कर्ष लिहिला. परक्या देशांत, गुरूच्या मताविरुद्ध, हातांतील मापें जें सांगतात तेंच लिहिणें याला केवढें धैर्य लागत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. मोजणारा प्रामाणिक असला म्हणजे मापपट्टी खोट्या मतांच्याच विरुद्ध साक्ष देते, याचें हें घरचें उदाहरण.

मग एक माप जर फसवितें, तर अनेक मापें एकत्र घेतल्यानें कांहीं साधेल काय? याच प्रश्नांतून विसाव्या शतकांतील संख्याशास्त्राची एक मोठी शाखा निघाली. १९३६ सालीं इंग्लंडांत फिशर यांनीं (हे रोनाल्ड फिशर, वर आलेले नव्हेत) आणि कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं, अनेक मापांचा एकत्र विचार करून दोन गटांतील अंतर कसें काढावें याच्या रीती प्रसिद्ध केल्या. महालनोबिस यांची रीत माणसांच्या शरीरमापांच्या अभ्यासांतूनच निघाली, हें आपणांस अभिमानास्पद आहे. रीतीचें मर्म आमच्या भगिनींस सहज कळेल. भाजीला चव कशानें येते असें विचारलें तर एकट्या मिठाचें नांव घेतां येत नाहीं. मीठ, तिखट, गूळ, आमसूल यांचें प्रमाण पाहावें लागतें. त्याचप्रमाणें कवटीची लांबी, रुंदी, उंची, गालांच्या हाडांमधील अंतर, कानामागील उंचवट्याची लांबी हीं मापें घ्यावयाचीं. ज्या मापांत स्त्री-पुरुषभेद अधिक दिसतो त्याला अधिक वजन द्यावयाचें, ज्यांत कमी त्याला कमी. मग सर्वांची बेरीज करावयाची. बेरीज ठराविक रेषेच्या वर गेली तर पुरुष, खालीं राहिली तर स्त्री. गाइल्स व एलियट या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं अशीं समीकरणें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांचा निर्णय शंभरांत ८२ ते ८९ वेळां बरोबर आला. आज हेंच काम संगणक करतो.

परंतु या समीकरणांत एक मेख आहे. तीं ज्या लोकांच्या कवट्यांवरून बसविलीं, त्यांच्यापुरतींच तीं भरंवशाचीं. अमेरिकनांच्या मापांवर आंखलेली रेषा आपल्याकडील कवट्यांना जशीच्या तशी लावली तर बारीक चणीचे कितीतरी पुरुष स्त्रियांत मोजले जातील. शेजारणीच्या वाटीनें मोजून आपल्या पातेल्यांत पाणी घातल्यासारखें तें होतें. म्हणून प्रत्येक देशानें आपल्या लोकांचीं मापें आपण घ्यावीं लागतात.

आणि टक्क्यांचे आंकडे पाहून हुरळून जाण्यापूर्वीं ते कोठून आले हेंही विचारावें. क्रॉगमन या अमेरिकन पंडितानें १९६२ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ७५० सांगाड्यांवरील आपला अनुभव दिला आहे. केवळ कवटीवरून ९२, केवळ श्रोणीवरून ९५, दोन्ही मिळून ९८ टक्के निर्णय बरोबर आले. हे आंकडे पुढें पुस्तकांमागून पुस्तकांत उतरले. परंतु ज्या संग्रहांतील हे सांगाडे होते त्यांत एका स्त्रीमागें पंधरा पुरुष होते, आणि ही गोष्ट आपणांस ठाऊक होती असें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. आतां पाहा : अशा संग्रहांत डोळे मिटून प्रत्येक वेळीं 'पुरुष' म्हटलें तरी सोळांपैकीं पंधरा उत्तरें बरोबर येतील, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के! क्रॉगमनची योग्यता याच्या योगानें कमी होत नाहीं. त्यानें आपली अडचण लपविली नाहीं यांतच त्याचा मोठेपणा. दोष आंकडा उतरून घेऊन टीप गाळणारांचा.

आतां एक घडलेली गोष्ट सांगतों, म्हणजे एवढ्या मापांच्या मागें काय पणास लागलेलें असतें तें दिसेल. गोष्ट इंग्लंडांतील आहे, पण तिचा एक धागा मुंबईस बांधलेला आहे. बख्त्यार रुस्तुमजी रतनजी हकीम नांवाचा पारशी तरुण मुंबईंत जन्मला, तेथेंच डॉक्टर झाला, व पुढें विलायतेंत बक रक्स्टन असें नांव घेऊन लँकेस्टर गांवीं धंदा करूं लागला. रोग्यांत तो लोकप्रिय होता. घरांत त्याची पत्नी म्हणून नांदणारी इझाबेला, तीन मुलें आणि मुलांस सांभाळणारी वीस वर्षांची मोलकरीण मेरी रॉजर्सन अशीं माणसें होतीं. डॉक्टर संशयी व रागीट. १९३५ सालच्या सप्टेंबरच्या मध्यास इझाबेला व मेरी दोघीही दिसेनाशा झाल्या.

मेरीचे आईबाप गरीब. मुलगी कोठें आहे म्हणून ते विचारावयास आले तेव्हां डॉक्टरानें त्या मुलीच्या शीलाविषयीं नाहीं नाहीं तें त्यांस सांगितलें, आणि बाईसाहेब ते प्रकरण निस्तरण्यासाठींच तिला घेऊन गेल्या आहेत अशी त्यांची समजूत घालण्याचा यत्न केला. पोटची पोर गेली कोठें हें कळत नाहीं, आणि वर तिच्या नांवाला हा डाग! आमच्या वाचकांपैकीं ज्यांस लेकी आहेत त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

२९ सप्टेंबर रोजीं तेथून शंभर मैलांहून दूर, स्कॉटलंडांत मॉफट गांवाजवळ, एक तरुणी पुलावरून खालचा ओहोळ पाहात असतां तिला गांठोड्यांतून बाहेर आलेला मनुष्याचा हात दिसला. पोलिसांनीं शोधून काढलेले अवशेष सत्तरच्या आसपास भरले. मारणारा शरीरशास्त्र जाणणारा होता. ओळख पटविणाऱ्या बहुतेक खुणा त्यानें शस्त्रानें नाहींशा केल्या होत्या. डोकीं दोन होतीं. त्यांपैकीं मोठें, अधिक वयाचें डोकें आरंभीं पुरुषाचें असावें असा समज झाला, आणि 'एक पुरुष व एक स्त्री' असें वर्तमानपत्रांतून छापूनही आलें. डॉक्टर रक्स्टनला ही बातमी वाचून हायसें वाटलें. स्कॉटलंडांत सांपडलेलीं प्रेतें एका पुरुषाचीं व एका स्त्रीचीं आहेत, तेव्हां तीं आपल्या घरच्या दोघींचीं नव्हेत, असें तो लोकांस सांगूंही लागला. पहिली चाळण चुकली म्हणजे अपराध्यास कसें अभय मिळतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

सुदैवानें काम जाणत्यांच्या हातीं गेलें. ग्लासगोचे प्राध्यापक ग्लेस्टर व एडिंबरोचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक ब्रॅश यांनीं ते तुकडे जिगसॉ कोड्यासारखे जुळवून दोन देह उभे केले. तेव्हां दिसून आलें कीं, शिल्लक राहिलेल्या मृदु अवयवांत स्त्रीदेहाच्या खुणा एकीपुरत्या नसून दोघींच्या आहेत. पुरुष त्यांत कोणीच नव्हता. कवटीच्या राकटपणानें फसविलें होतें. सबंध देहानें ती चूक दुरुस्त केली. गांठोड्यास गुंडाळलेल्या एका साप्ताहिक पत्राची १५ सप्टेंबरची आवृत्ति केवळ लँकेस्टर व त्याच्या आसपास विकली गेली होती, तिनें पोलिसांस गांवाची दिशा दाखविली. मग ब्रॅश यांनीं एक नवीन प्रयोग केला. इझाबेलाचें मुकुट घातलेलें एक छायाचित्र मिळालें. तो मुकुट शोधून आणून त्याच्या मापावरून छायाचित्राचें प्रमाण ठरविलें, कवटीचें त्याच कोनांतून चित्र घेतलें, आणि एकावर एक ठेवून पाहिलें. मोठी कवटी इझाबेलाच्या चेहऱ्याशीं जुळली, मेरीच्या मुळींच जुळेना. येथें शास्त्रज्ञाचा संयम पाहाण्यासारखा आहे. 'ही कवटी तिचीच' असें ते म्हणाले नाहींत. ही तिची असूं शकते, त्या दुसरीची असूंच शकत नाहीं, एवढेंच त्यांनीं या प्रयोगावरून सांगितलें. नकारांत शास्त्र जितकें ठाम राहूं शकतें तितकें होकारांत नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. १९३६च्या मार्चमध्यें मँचेस्टर येथें ज्यूरीनें रक्स्टनला दोषी ठरविलें, व १२ मे रोजीं त्यास फांशी झाली.

परंतु मेरीची ओळख कशानें पटली? तिच्या बोटांचे ठसे घरांतील वस्तूंवरील ठशांशीं जुळले, हा एक पुरावा. दुसरा याहून घरगुती. गांठोड्यांत एक फाटका झंपर होता. मेरीच्या आईनें तो पाहिला आणि बगलेखालचें ठिगळ ओळखलें. तें तिनेंच आपल्या हातानें लाविलें होतें. (ही आई सावत्र होती, हेंही येथें सांगणें योग्य वाटतें.) त्या ठिगळानें व त्या ठशांनीं मुलीचें प्रेत ओळखलें गेलें, आणि त्याबरोबरच तिच्या नांवावरचा डागही धुऊन निघाला. ती कोठें पळून गेली नव्हती. मालकिणीबरोबर तिचाही जीव घेतला गेला होता.

यानंतर शास्त्र पुष्कळ पुढें गेलें. आज हाडांतून व दांतांतून डीएनए काढून त्यांत स्त्रीचें चिन्ह आहे कीं पुरुषाचें हें पाहातां येतें. जेथें तें नासून गेलें असेल तेथें दातांवरच्या कठीण पापुद्र्यांतील प्रथिनांवरून निर्णय करण्याची रीतही २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु हे प्रयोग खर्चाचे व वेळाचे. पहिली नजर अजूनही हाडांवरच टाकावी लागते. आणि नजरेचा दोष कसा असतो तें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें. त्यांनीं एकच सांगाडा जाणकारांच्या तीन गटांपुढें ठेविला. एका गटास कांहींच सांगितलें नाहीं. त्यांतील ३१ टक्क्यांनीं तो पुरुषाचा ठरविला. दुसऱ्या गटास तो पुरुषाचा असल्याची माहिती आधींच पुरविली. त्यांतील ७२ टक्क्यांनीं पुरुष म्हटलें. तिसऱ्या गटास स्त्रीचा म्हणून सांगितलें. त्यांत पुरुष म्हणणारा एकही निघाला नाहीं! हाडें तींच, खुणा त्याच, डोळेही शिकलेले. फरक एवढाच कीं, कानांत एक वाक्य आधीं पडलें होतें. म्हणून आतां असा आग्रह धरला जात आहे कीं, हाडें पाहाणारानें आपला अभिप्राय लिहून होईपर्यंत पोलिसांचा तर्क त्याच्या कानीं पडूं नये. आपल्याकडेही प्रत्येक शवचिकित्सागृहांत ही शिस्त पाळली जावी असें आम्हांस वाटतें. त्याला यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. केवळ थोडें मौन लागतें.

इतकी काळजी कशासाठीं, असें कोणी विचारील. गेलेला तर परत येत नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार केला होता. देशांतरास गेलेल्या माणसाची बारा वर्षें वार्ता कळली नाहीं तर पळसाच्या तीनशें साठ पानांची प्रतिमा करून तिचा दाह करावा, असा विधि धर्मशास्त्रांत सांगितला आहे. कायद्यानें ही मुदत सात वर्षांवर आणली. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यांत तें तत्त्व होतें, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तें तसेंच ठेविलें आहे. पण बारा काय किंवा सात काय, तीं वर्षें घरांत कशीं जातात? कुंकू लावावें कीं पुसावें, श्राद्ध करावें कीं नवस बोलावा, दाराची कडी घालावी कीं रात्रभर काढून ठेवावी, यांतलें कांहींच ठरत नाहीं. त्या घरास मृत्यूची बातमीही एक प्रकारची सुटका असते. आणि ती बातमी चुकीची असेल तर तिच्याएवढें क्रौर्य नाहीं. दुसऱ्याच्या हाडांवर आपण अश्रु ढाळावे, आणि आपलें माणूस कोठल्या तरी कपाटांत चिठ्ठी लावून भलत्याच सदराखालीं पडून राहावें!

हें सर्व आम्हीं आजींस रात्रीं वाचून दाखविलें. समीकरणें आलीं तेव्हां त्यांचे डोळे थोडे मिटल्यासारखे वाटले, पण ठिगळाची हकीकत ऐकून त्या सावरून बसल्या. "स्वतः घातलेलें ठिगळ, तें ओळखूं येणारच," त्या म्हणाल्या. मग पुतण्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "आणि काय रे, कवटी मोजल्यावर शंभरांत किती म्हणालास?" पुतण्या या वेळीं जरा थांबला, आणि म्हणाला, "आजी, बहुतेक वेळां कळतें. सगळ्या वेळां नाहीं."

तपास करणाराच्या तोंडींही हेंच वाक्य असावें. अभिप्रायाच्या कागदावर 'निश्चित सांगतां येत नाहीं' असें लिहिण्यास ज्याला लाज वाटत नाहीं, त्याच्या हातीं आपलें माणूस पडावें, एवढीच प्रार्थना.